तळाची मूठ

डिसेंबरातला तिसरा रविवार, सकाळ. माझ्याकडे जमा असलेली रक्कम एक लाख वीस हजार रुपये. त्याआधी आगाऊ म्हणून बेटावर पाठवलेले साठ हजार. हजर चौघे: खतांचा दुकानदार बालाजी मगर, एस.टी.च्या डेपोतून मुदतीआधीच निवृत्त झालेला मेकॅनिक नामदेव जोंधळे, मी आणि सुदाम खंदारे. जागा बालाजीच्या विहिरीचा काठ, वालूरचं शिवार.

विषय एकच होता. आम्ही चौघे फेब्रुवारीत अंदमानाकडच्या एका लहान बेटावर जाणार होतो. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायचं, मासे बघायचे, प्रवाळ बघायचं. दोन वर्षं पैसे साठवले होते, बेटावरच्या खर्चाचे माणशी पंचेचाळीस हजार. आणि आठ दिवसांपूर्वी त्या बेटावरून चक्रीवादळ गेलं होतं.

खंदारे सेलूच्या आमच्या शाळेत खेळाचा शिक्षक होता. मी तिथेच लेखनिक आहे. तोंडावर मी त्याला सर म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथे करणार नाही. तो मला आवडत नव्हता आणि मी त्याला आवडत नव्हतो. पंचवीस वर्षांत या बाबतीत आमच्यात कधी गैरसमज झाला नाही.

उंच, काळा, सडपातळ. कमरेला बारा महिने खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा. निवृत्त झाल्यावरही तोच वेष. कोणाच्या घरात गेला की बैठकीत थांबायचा नाही. सरळ आत जाऊन माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचा आणि माठ घासलेला आहे की नाही हे मोठ्यानं सांगायचा. निघताना 'येतो' म्हणायचा नाही. चालता चालता नाहीसा व्हायचा. आपण एकटेच बोलत उरायचो.

त्याचा एक प्रश्न सगळ्या तालुक्यात माहीत होता. "तळ बघितला का?"

हा प्रश्न विहिरीवरचा. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बालाजीच्या विहिरीत शिरतं. त्याबरोबर बाभळीचे फास म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या येतात, तारेचं तुटकं कुंपण येतं, एकदा मेलेलं वासरू आलं होतं. वरून पाणी शांत दिसतं. म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पोहायचं तेव्हा आमच्याकडे दस्तूर आहे. आधी एकानंच उतरायचं, एका श्वासात तळाला जायचं, तळ चाचपायचा, मूठभर गाळ घेऊन वर यायचं आणि तो काठावरच्या दगडावर थापायचा. तो गाळ सगळ्यांनी बघितला की मगच बाकीच्यांनी उड्या मारायच्या. त्याबद्दल उडी मारणारा प्रत्येक जण मूठ आणणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे ठेवतो. गूळ मागायचा नसतो, चुकवायचाही नसतो.

वीस वर्षं ती मूठ खंदारेच आणत होता. त्याच्या आजाला त्याच विहिरीचं पाणी वरून ओतून घ्यावं लागायचं, काठावर चढायची सोय नव्हती. हे खंदारेनं कधी बोलून दाखवलं नाही. आम्हा सगळ्यांनाच ते माहीत होतं, बालाजीलाही. तो नुसता चप्पल काढायचा, सदरा काढायचा आणि सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीइतक्या, खोल पाण्यात सूर मारायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण विहिरीवरचा प्रश्न त्यानं माणसांना लावला. मुख्याध्यापकांनी नवी योजना सांगितली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, तळ बघितला का. नामदेवच्या मुलीच्या साखरपुड्यात भर मांडवात त्यानं नामदेवला विचारलं, "पोरगा नोकरीला हाय म्हणतेत. कंपनीत जाऊन आलास का? तळ बघितला का?" वरपक्ष तिथेच बसला होता. वराचा मामा उठला, साखरेची पुडी खाली पडली, दोन तास समजूत घालण्यात गेले. पुढे लग्न झालं, नोकरी खरी निघाली, पोरगाही चांगला निघाला. खंदारेनं माफी मागितली नाही. "आता बघितला ना तळ, मग झालं," म्हणाला. नामदेव वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता.

माझ्या घरचं सांगतो. माझी मुलगी सुजाता बारा वर्षांची असताना मी तिला पोहायला शिकवण्यासाठी त्याच्याकडे सोपवलं, कारण दुसरा कोणी नव्हता. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून ती चार दिवस छान हातपाय मारत होती. पाचव्या दिवशी ती विहिरीच्या मधोमध असताना खंदारे पोहत तिच्यामागे गेला आणि त्यानं डब्याची दोरी सोडली. तिला सांगितलं नाही, मला विचारलं नाही. ती दोनदा खाली गेली. तिसऱ्यांदा स्वतः काठाला लागली. खंदारे म्हणाला, "आली ना?" सुजाता आज पुण्यात नोकरी करते, उत्तम पोहते. पण घरात त्याचं नाव निघालं की अजून उठून आत जाते.

तर समुद्राची ही हौस मुळात नामदेवची. त्यानं मोबाइलवर कुठलीतरी चित्रफीत बघितली आणि रविवारी आम्हाला दाखवली. निळं पाणी, खाली जंगल उगवल्यासारखं प्रवाळ, त्यातून पिवळे मासे. खंदारेनं फोन हातात घेतला आणि ती चित्रफीत तीनदा बघितली. त्यानंतर बेत नामदेवचा राहिला नाही. खंदारेनं आम्हाला न विचारता महिना ठरवला, बेट ठरवलं आणि तिथे पाणबुड्यांची नाव चालवणारा बिप्लब नावाचा माणूस शोधला. मला मात्र खजिनदार केलं. "तुला दुसरं काय येतंय?" असं म्हणून केलं.

बिप्लबशी पहिल्या फोनवरच भांडण झालं. तो बिचारा धंद्याच्या सवयीनं म्हणाला, "तैरना नहीं आता तो भी चलेगा, दादा." खंदारेचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग आमी चाळीस वर्षं विहिरीत काय म्हशी धुतल्या का?" तो मराठीतच ओरडला. फोन नामदेवनं काढून घेतला. पुढे बिप्लबनं आणखी एक गोष्ट सांगितली. टाकी बांधून उतरायला साठीच्या पुढचा माणूस तो घेत नाही. कोणाचीही ओळख असो, नाही म्हणजे नाही.

खंदारेची साठ वर्षं येत्या जूनमध्ये भरत होती. म्हणजे त्याला हाच एक हंगाम होता. आम्हा तिघांना नंतरही जाता आलं असतं, त्याला नाही. हे तो कधी बोलला नाही, पण त्या वर्षी त्यानं आम्हाला फार छळलं. चित्रफितीत पाणबुड्यांच्या कमरेला वजन असतं हे बघून त्यानं नामदेवच्या कमरेला धोंडा घातलेली पिशवी बांधून त्याला विहिरीत सोडलं. नामदेव तळाशी जाऊन बसला. पिशवीची गाठ पाण्यानं आवळली होती, ती खंदारेनंच खाली जाऊन दातानं सोडवली. वर आल्यावर शिव्या नामदेवलाच दिल्या.

आता त्या डिसेंबरातल्या रविवारकडे येतो. बिप्लबचा फोन लागला तेव्हा बालाजीनं आवाज मोठा केला आणि फोन दगडावर ठेवला. बिप्लबचं बोलणं तुटत होतं. "दादा, नाव नारियल के पेड़ों में पड़ी है. छत गई. हवा भरने की मशीन खारे पानी में डूब गई. इस साल मत आइए." पैशांचं बालाजीनं विचारलं. तो म्हणाला, ते मशीनच्या दुरुस्तीत आधीच गेले, थोडं थांबा.

फोन बंद झाल्यावर बालाजी म्हणाला, "आगाऊ घेतलं की वादळ येतंयच. माझ्या दुकानात बी गिऱ्हाईक असंच सांगतेत." नामदेव म्हणाला, पोलिसात अर्ज द्यावा. मी म्हणालो, आधी लेखी कळवावं, मुदत द्यावी. बालाजीनं पुन्हा फोन लावून त्या माणसाला आईवरून शिवी दिली.

सगळ्या तालुक्याला शिव्या देणारा खंदारे तेव्हा म्हणाला, "तू बघितलंस का तिथं जाऊन?"

"मी कशाला जाऊ?"

"मग शिवी देऊ नगं. मी जातो. खोटं बोलत असंल तर त्याच्या नरड्यात हात घालून साठ हजार काढून आणतो. खरं असंल तर मग बघू."

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्याला फक्त जायचं होतं. जून जवळ येत होता. चौकशी हे निमित्त. बालाजीनं ते तोंडावर म्हटलंही. खंदारे माझ्याकडे हात पसरून म्हणाला, "माझे उरलेले तीस हजार दे."

पैसे त्याचे होते, ते मी दिले आणि पावती पुढे केली. त्यानं माझ्या दप्तरातली शाईची गादी घेतली, तीत अंगठा बुडवला आणि पावतीवर उमटवला. पदवीधर माणूस. "घे. अडाण्याचा अंगठा हाय, सांभाळून ठेव." ती पावती माझ्याकडे आहे.

सेलूहून गाडीनं तो मद्रासला गेला, तिथून जहाजानं पुढे. महिनाभर त्याचा फोन नव्हता. बालाजी रोज बिप्लबला फोन करायचा आणि पैसे मागायचा. खंदारे कुठे आहे म्हणून मी एकदा विचारलं तर बिप्लब म्हणाला, छतावर आहेत. मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं.

चुकलं नव्हतं. तो परत आला तो अर्धा झालेला. तळहाताची सालं गेली होती, उजव्या पंजावर आडवे काप होते. रविवारी विहिरीवर आला आणि नेहमीच्या दगडावर बसला. बालाजीनं हसत विचारलं, "सर, मूठ आणली का?"

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. बिप्लब खोटं बोलत नव्हता. नाव खरंच नारळीच्या बागेत आडवी पडली होती. घरावर पत्रा नव्हता, बायको शेजारच्या मोडक्या शाळेत राहत होती. खंदारेनं पहिले दोन दिवस त्याच्याशी भांडण केलं, तिसऱ्या दिवशी पत्रे ठोकायला वर चढला. मग दहा-बारा जणांनी ओंडके टाकून नाव पाण्यापर्यंत ओढली. इंजिन लागलं त्या दिवशी बिप्लब त्याला, जिथे पाहुण्यांना उतरवतात त्या जागी घेऊन गेला. टाकी होती पण भरायला हवा नव्हती. खंदारे सदरा काढून तसाच खाली गेला.

"किती खोल?" नामदेवनं विचारलं.

"चार परस असंल. पाणी खारट, वर ढकलायलंय माणसाला. आपल्या विहिरीवानी आत घेत न्हाई."

"आणि तळ?"

"मोडलाय," खंदारे म्हणाला. "ऊस पडल्यावर फड दिसतो तसं झालंय. मासे हायेत, पण कुठं जावं ते त्यांना कळंना झालंय. मी मूठ भरली तर हात कापला. वर आणून त्याला दाखवली आन् परत सोडली. ते उचलायला मनाई हाय."

नंतर एकदा बिप्लबनं मला फोनवर सांगितलं, "दादा बहुत गाली देते हैं. लेकिन नीचे जाते हैं." यातलं पहिलं वाक्य मला नवीन नव्हतं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी कदाचित त्याच्याबद्दल बरं लिहिलं असतं. पण खंदारे पुढचं वाक्य बोलला. बिप्लबकडे साठ हजार मागायचे नाहीत. आमच्या परभणी जिल्ह्यातून त्याला आता फोन जाणार नाही, अशी जबान तो देऊन आला होता.

बालाजी उभा राहिला. "जबान तुझी आन् पैसे आमचे?"

"पुढच्या साली जाऊन या. तो जागा देतो म्हणलाय."

"तू येणार हायेस का पुढच्या साली?"

खंदारे म्हणाला, "न्हाई."

"मग तुला काय फरक पडतोय?"

मी बालाजीच्या बाजूनं होतो. आजही आहे. चौघांचे पैसे चौघांना विचारल्याशिवाय कोणी सोडून देऊ शकत नाही. वादळात सापडलेल्या माणसाबद्दल मला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पैशावर शब्द देणं वेगळं. मी हे सरळ त्याला सांगितलं. सर, तुम्हाला हा अधिकार नव्हता, म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. "तू विहिरीत उतरतोस तवा बी काठाला हात धरून पोहतोस. मी वीस वर्षं बघायलोय. तू आयुष्यात काठ सोडला न्हाईस, आन् मला अधिकार सांगायलास."

मी काठ धरून पोहतो हे खरं आहे. माझ्यावर चार माणसांचा संसार आहे. मी त्याला तसंच सांगितलं आणि सायकल घेऊन निघालो. बालाजी मागे बराच वेळ बोलत होता. त्यानं खंदारेच्या जातीपर्यंत जायला एक शब्द बाकी ठेवला. तो शब्द त्यानं गिळला हे मला काही अंतरावरूनही कळलं. खंदारेलाही कळलं असणार.

तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी पायी आला. मोटारसायकल विकली होती. दगडावर, जिथे गाळ थापतात तिथे, त्यानं नोटांच्या तीन थप्प्या ठेवल्या. प्रत्येकी पंधरा हजार, आम्हा तिघांच्या आगाऊ रकमेइतके.

"घ्या. आता त्याला फोन करायचा न्हाई."

बालाजीनं थप्पी खिशात टाकली. नामदेव म्हणाला, राहू दे सर. मग थोड्या वेळानं त्यानंही घेतली. मी माझ्या नोटा मोजल्या. "मोज," खंदारे म्हणाला, "तुला तेवढंच येतंय." मी मोजून झाल्यावरच मान वर केली. बरोबर होत्या.

सहल मोडली. बालाजीला आणि नामदेवला मी त्यांचे उरलेले तीस-तीस हजार परत केले. आता हिशेब असा झाला की बेटावर भरलेले साठ हजार एकट्या खंदारेचे होते. म्हणजे नावेतल्या चारही जागा त्याच्या होत्या, आणि जून लागल्यावर त्याला त्यातल्या एकाही जागेवर बसता येत नव्हतं. बिप्लबनं त्याच्यासाठी वयाचा नियम सैल केला असता का, ते मी विचारलं नाही. नियम सैल करा म्हणून कोणाला सांगणारा माणूस मी नाही. खंदारेनंही विचारलं नाही. तो जून आम्ही एकमेकांशी न बोलता काढला.

ऑगस्टमध्ये माझ्या खात्यात साठ हजार जमा झाले. पाठवणारा बिप्लब. उन्हाळ्यात नाव पुन्हा चालू झाली होती. पैसे माझ्या खात्यावरून गेले होते म्हणून माझ्याच खात्यावर आले. मी त्याच दिवशी बँकेतून काढले आणि खंदारेच्या घरी गेलो. जयभीम घातला. त्यानं मान हलवली. मी पैसे पुढे ठेवले. त्यानं ते दोनदा मोजले, माझ्यासमोर, थुंकी लावून. त्याची बायको चहा टाकू का म्हणून विचारत होती.

"आन् व्याज?" तो म्हणाला.

"बिप्लबनं एवढेच पाठवलेत."

"त्याचं न्हाई विचारलं. तुझं."

माझं कसलं व्याज, असं मी विचारलं. तो उठून माठाकडे गेला. मी चहा न घेता निघालो.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. आता तो मुलाकडे नाशिकला राहतो आणि मला त्याची चौकशी करण्याचं कारण पडत नाही.

सप्टेंबरात पावसानं उघडीप दिली होती. विहीर वरच्या चार पायऱ्या सोडून भरलेली, पाणी चहासारखं तांबूस. आम्ही तिघे कपडे काढून काठावर उभे होतो आणि कोणी उतरत नव्हतं. बालाजी म्हणाला, यंदा नामदेवनं मूठ आणावी. नामदेव म्हणाला, विहीर तुझी हाय, तू आण. माझ्याकडे दोघांनी बघितलंच नाही. खंदारेला कोणी बोलावलं नव्हतं.

तो देवगाव फाट्याच्या बाजूनं चालत आला. कुठून जीपमधून उतरला असेल, पुढे चिखलातून पायी. चप्पल काढली, सदरा काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि सूर मारला. पाण्यावरची वर्तुळं विरून गेली तरी तो वर आला नाही. बालाजी पायरीवर दोन पावलं खाली उतरला. मग मधोमध डोकं आलं. एका हातात बाभळीचा लांबच लांब फास होता, दुसरी मूठ मिटलेली. फास त्यानं काठावर फेकला. पायऱ्या चढून आला आणि काळा गाळ दगडावर थापला.

"उतरा," म्हणाला. एवढंच.

बालाजीनं गुळाचा खडा आणि शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. खाली बघत ठेवले. नामदेवनं ठेवले. मग मी ठेवले. दस्तूर झाला होता, पण खंदारेनं हात मागे घेतला नाही. पंजा उघडाच, ओला, त्यावरचे काप पांढरे पडलेले.

"तुझ्याकडून दोन लागतेत," तो म्हणाला. "एक हितला, एक तिथला. तेच व्याज."

बालाजी म्हणाला, तिथं कुठं आमी उड्या मारल्या? खंदारेनं त्याच्याकडे बघितलं नाही. तो माझ्याकडेच बघत होता, मी मोजताना बघायचा तसा.

मी पिशवी पुन्हा उघडली. दिलं: गुळाचे दोन खडे, दोन मुठी शेंगदाणे. घेणार: सुदाम खंदारे. पावती घेतली नाही.